वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची बालवाडी

प्रश्न : मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. आम्ही दोघंही घरून काम करतो म्हणून तिला ऑनलाइन प्लेग्रुपला घातलं. आठवड्यातून ५ दिवस, रोज ४५ मिनिटं, वर्गात १८ मुलं. दहा मिनिटं झाली की ती उठून पळते, धरून बसवलं तर रडते. बाई म्हणतात, ‘सवय होईल.’ पुढे चालू ठेवावं का? (एक आई, पुणे)

उत्तर : आहे तसं चालू ठेवू नका. मुलीचं काहीही चुकत नाहीये. बाईंनी दुसरं काहीच केलं नाही, तरी ४५ मिनिटांत १८ मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. उरलेला वेळ तिच्या दृष्टीने टीव्हीच. इतकी मुलं एकदम बोलली की सगळ्यांत मोठा आवाज तेवढा पुढे येतो, म्हणून माइक बंद ठेवतात. मग मुलीने ‘चेंडू!’ म्हटलं तरी ते कुणापर्यंत पोचत नाही. माइक चालू असला तरी ‘शाब्बास’ क्षणभर उशिरा येतं आणि तेवढ्यात तिचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. तीन वर्षांच्या आतलं मूल समोरच्या माणसाकडून जितकं उचलतं, तितकं पडद्यावरून उचलत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पडद्यावरचं माणूस तिच्या बोलण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देत असेल, तर फरक कमी होतो. तुमच्या वर्गात नेमकं तेच घडत नाहीये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा सांगितला, तोही कमी असेल तितका चांगला. तुमच्याकडे त्यातली ४५ मिनिटं वर्गातच जातात. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा होती, आणि तो वेळही पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी ठेवला होता. आमचंही मत तेच आहे. या वयात ऑनलाइन बालवाडीने पालकांना शिकवावं. मुलाचं शिकणं पडद्याबाहेर, हाताने व्हावं.

म्हणून संस्थेकडे हे मागा : एका गटात ४ ते ६ मुलं, आठवड्यातून २-३ दिवस, १५ ते २० मिनिटं, साहित्याची यादी आदल्या दिवशी, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फक्त पालकांशी बोलणं. हे जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची फी परत मागा आणि बंद करा.

चालू ठेवलंत तर मोबाइल नको, लॅपटॉप घ्या. तो चौरंगावर ठेवा, म्हणजे तिला मान वर करावी लागणार नाही. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवा, नाहीतर मुलं स्वतःलाच बघत बसतात. साहित्य ताटात आधीच काढून ठेवा. तुम्ही तिच्या शेजारी बसा. मागे बसून खांदे धरले की तिला ती शिक्षाच वाटते. पाच-सात मिनिटांनी कृती बदलायला हवी. ती उठली तर उठू द्या, तुम्ही ऐका आणि तीच कृती संध्याकाळी करा.

पडद्याबाहेरची अशी एक कृती म्हणजे कणकेचा गोळा. १ वाटी कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, रंगाला चिमूटभर हळद. पाणी चमच्याचमच्याने घाला, एकदम ओतलं की चिकट होतं. मीठ पाणी सोडत असल्याने तासाभराने गोळा पुन्हा हाताला लागू लागतो. तेव्हा थोडी कोरडी कणीक लावून मळा. बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. मीठ भरपूर आहे, तोंडात जाऊ देऊ नका. ती थापेल, तोडेल, वळेल. त्या वेळी ‘हे काय आहे सांग’ असं विचारू नका. ती करतेय ते शब्दांत सांगा : ‘लांब केलंस. आता तोडलंस.’ मग मनात पाच आकडे मोजून थांबा. बरीच मुलं या थांबण्यातच बोलतात. मणी, चणे, वाटाणे मात्र देऊ नका, ते नाकात जातात, श्वासनलिकेत अडकतात. त्याऐवजी वाट्या, डाव, कांदे-बटाटे द्या.

मीटिंगच्या वेळात मूल गुंतून राहावं, ही अपेक्षा असेल तर ती ऑनलाइन वर्गाने पुरी होत नाही, कारण शेजारी मोठं माणूस लागतंच. त्यासाठी आजी-आजोबांची मदत किंवा चांगलं पाळणाघर बघा, आणि यात अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. मुलगा चार वर्षांचा आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतो. पुण्याहून ऑनलाइन मराठी वर्ग घ्यावा का? (एक बाबा)

उत्तर : घ्या, पण दोन-तीन मुलांचाच. तो बोलायला कचरतोय, त्यामुळे त्याच्या बोलण्याची वाट पाहणारं माणूस हवं. गाणी ऐकवणाऱ्या वर्गाचा उपयोग कमी. तुमच्याकडच्या शनिवारी सकाळी ९ ला पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेसात. बाईंशी हे आधीच ठरवा. आठवड्यातून एकदा २५ मिनिटं पुरेत. खरा फरक त्या आठवड्यातले तेच शब्द तुम्ही रोज अंघोळीच्या आणि जेवणाच्या वेळी वापरलेत तर पडतो. तो इंग्रजीत बोलला तर रागावू नका, त्याचंच वाक्य मराठीत म्हणा आणि बोलणं पुढे न्या. आजीला व्हिडिओ कॉलवर त्याच्यासोबत पोहे ‘करायला’ सांगा : दोघांच्याही समोर एकेक वाटी, एकेक चमचा.

प्रश्न : नातवाची बालवाडी झाली नाही तर पहिलीत प्रवेश अडेल का? (एक आजी, सांगली)

उत्तर : नाही अडणार. शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वर्षांसाठी आहे. बालवाडी केलेलीच हवी, अशी अट त्यात नाही. नातू तीन वर्षांचा झाला असेल तर जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा. ३ ते ६ वयाच्या मुलांना तिथे विनामूल्य पूर्वशालेय शिक्षण आणि आहार मिळतो.