कॅथलिक शाळेची प्रिन्सिपल व्हायला मेलबर्नला यायचंय: आधी मास्टर्स की आधी नोकरी?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वसईच्या शाळेत पर्यवेक्षिका आहात, वय ३९, बीएस्सी बीएड, चौदा वर्षं शिकवताय. आता नवरा आणि मुलाला घेऊन स्टुडंट व्हिसावर ऑस्ट्रेलियात यायचं, एज्युकेशनल लीडरशिपचं मास्टर्स करायचं आणि मग इथल्या कॅथलिक शाळेत प्रिन्सिपल व्हायचं, असा तुमचा बेत आहे. मी पण वसईचीच, निर्मळकडची. मेलबर्नला येऊन बारा वर्षं झाली, इथे एका कॅथलिक सेकंडरी शाळेत डेप्युटी प्रिन्सिपल आहे, आणि तुम्ही म्हणताय तेच मास्टर्स मी नोकरी करता करता केलंय. म्हणून सरळच सांगते, व्हायचंय ते अगदी योग्य आहे, फक्त क्रम उलटा लावलाय. आधी टीचर म्हणून या, मास्टर्स नंतर करा.

का ते सांगते. हे कोर्स मुळात नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी बनवलेले असतात. संध्याकाळी, ऑनलाइन, किंवा सुट्टीत आठवडाभर सलग वर्ग, आणि असाइनमेंट सगळ्या तुमच्या स्वतःच्या शाळेवर, म्हणजे शाळाच नसेल तर लिहिणार कशावर? आणि स्टुडंट व्हिसाचा नियम असा की एकूण कोर्सपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त ऑनलाइन चालत नाही आणि कोर्स क्रिकॉस नावाच्या सरकारी यादीत असावा लागतो. त्यामुळे कुठल्याही युनिव्हर्सिटीला पहिला मेल टाकाल तेव्हा क्रिकॉस कोड विचारा, बाकी सगळं नंतर. मी मुंबईतल्या एका एजंटकडे फी भरून बसले होते, सहा महिन्यांनी कळलं की तो कोर्स परदेशी विद्यार्थ्यांना मिळतच नाही, पैसे गेले आणि वर्ष पण गेलं.

समजा क्रिकॉसवाला कोर्स मिळाला, तरी तुमच्या बाबतीत अडचण वयाची आहे. जुलै २०२४ पासून शिक्षणानंतरचा वर्क व्हिसा, ज्याला सगळे ४८५ म्हणतात, त्याची वयोमर्यादा ३५ केलीय. रिसर्चवाल्यांना थोडी सवलत आहे पण हे कोर्स त्यात बसत नाहीत. म्हणजे व्हिसाची फी, स्वतःच्या एका वर्षाच्या खर्चासाठी दाखवायचे २९,७१० डॉलर, त्यावर नवऱ्याचे आणि मुलाचे वेगळे, कॉलेजची फी, एवढं सगळं करून डिग्री हातात येईल आणि राहायचा व्हिसा नसेल. शिवाय लीडरशिपचं मास्टर्स म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण नव्हे, त्याच्यावर टीचरचं रजिस्ट्रेशन मिळत नाही. रजिस्ट्रेशन मिळतं ते तुमच्या बीएडवर, जे तुमच्याकडे आधीच आहे.

तर बीएडवरच या. आयट्सल नावाची संस्था आपलं शिक्षण तपासते, त्यांना डिग्री आणि बीएड मिळून चार वर्षांचं शिक्षण लागतं आणि त्यात निदान ४५ दिवसांचं प्रॅक्टिस टीचिंग. ते ४५ दिवस झाले असं बीएड कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून आणा, आजच अर्ज टाका कारण जुने रेकॉर्ड शोधायला कॉलेजवाले किती वेळ लावतात ते तुम्हाला माहितीये. मग इंग्लिशची परीक्षा, आयेल्ट्स अकॅडेमिक, वाचन लेखनाला ७ आणि ऐकणं बोलण्याला ८. हा आठ आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या टीचरना नडतो, इंग्लिश मीडियमला शिकवतो म्हणून सूट मिळत नाही, मला तीनदा द्यावी लागली. आणि पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या व्हिसाच्या, पॉइंट्समध्ये ३३ ते ३९ वयाला २५ पॉइंट आहेत, चाळीस पूर्ण झाले की १५ होतात, म्हणून हे वर्ष तुमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे ताई, मास्टर्सच्या मागे ते घालवू नका. मॅथ्स सायन्सच्या टीचरना इथे मागणी आहे.

आता मास्टर्सबद्दल, कारण ते करावंच असं मला मनापासून वाटतं. इथे याचं एवढं महत्त्व का, ते इतिहासात आहे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या आपल्या राज्यात, १८७२ च्या कायद्याने सरकारी शिक्षण मोफत, सक्तीचं आणि सेक्युलर झालं, चर्चच्या शाळांची सरकारी मदत थांबली. मग शाळा चालवल्या कोणी, तर सिस्टर आणि ब्रदर लोकांनी, जवळजवळ फुकट. १८६६ मध्ये मेरी मॅकिलॉपनी सुरू केलेल्या जोसेफाइट सिस्टर्स त्यातल्याच, २०१० ला त्या संत झाल्या. पुढे १९६२ मध्ये शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात गोलबर्नला एका कॅथलिक शाळेला जास्तीची टॉयलेट बांधायला सांगितली आणि पैसेच नव्हते, तेव्हा गावातल्या कॅथलिक शाळा बंद ठेवून पोरं सरकारी शाळेत पाठवली लोकांनी. त्यानंतर दोनेक वर्षांत सरकारी मदत परत सुरू झाली. पण तोवर सिस्टर कमी व्हायला लागल्या होत्या, आणि नंतर हळूहळू प्रिन्सिपल तुमच्याआमच्यासारखे संसारी लोक झाले. सिस्टरना कॉन्व्हेंटमध्ये जी घडण मिळायची ती आपल्याला कुठे मिळणार? ती द्यायला हे कोर्स आहेत. ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी यात मोठी आहे, पर्थकडे नोत्र दाम ऑस्ट्रेलिया आहे.

म्हणूनच यात नुसतं टाइमटेबल आणि बजेट नसतं. माझ्या कोर्समध्ये थिऑलॉजीचे पेपर होते आणि मला वाटलेलं की आपण तर लहानपणापासून मिस्साला जातो, सोपं जाईल, पण बायबल अभ्यास म्हणून वाचणं आणि मग ज्या शाळेत निम्मी पोरं कॅथलिक नाहीत तिथे श्रद्धेबद्दल कसं बोलायचं हे शिकणं फार वेगळं होतं. इथे कॅथलिक शाळेत शिकवायचं अक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, वेगळं आणि रिलिजस एज्युकेशन शिकवायचं किंवा शाळेचं नेतृत्व करायचं अक्रेडिटेशन वेगळं. हे मास्टर्स त्या दुसऱ्यासाठी उपयोगी पडतं. अर्ज करताना पॅरिश प्रीस्टचं पत्र बहुतेक मागतात, तेव्हा आल्या आल्या जवळच्या चर्चमध्ये जायला लागा, फादरना ओळख होऊ द्या.

आणि सगळ्यात मला बदललं ते चाइल्ड सेफ्टीच्या पेपरने. २०१३ ते २०१७ इथे रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांवर, आणि कॅथलिक शाळा-चर्चमधलं जे बाहेर आलं ते वाचताना मी रडलेय. आता व्हिक्टोरियात टीचर आणि प्रिन्सिपलवर अशा अत्याचाराचा रिपोर्ट करायची कायद्याने सक्ती आहे, २०२० पासून फादर लोकांवर पण, कन्फेशनमध्ये ऐकलेलं सुद्धा धरून. स्टाफवर आरोप आला तर संस्थेच्या प्रमुखाने तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. आपल्याकडे "शाळेचं नाव खराब होईल, आतल्या आत मिटवू" म्हणायची सवय आहे, मी पण तशाच स्टाफरूममध्ये वाढले, आणि ती सवय इथे मुळापासून काढावी लागते. प्रिन्सिपलच्या इंटरव्ह्यूला याच्यावर नक्की विचारतात.

वेळ किती लागेल? मी टीचर म्हणून चार वर्षं, मग इयर लेव्हल कोऑर्डिनेटर, म्हणजे एका इयत्तेची प्रमुख, मग मास्टर्स पार्ट टाइम तीन वर्षं, निम्मी फी एम्प्लॉयरने दिली, मग डेप्युटी. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे, पण इथल्या शाळेतली काही वर्षं तरी लागतातच.

पुढेमागे वसईला परतून मुख्याध्यापिका व्हायचं असेल तर त्यासाठी इथली डिग्री लागत नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक निवडायची मोकळीक मॅनेजमेंटला दिलेली आहे, सेवाज्येष्ठतेचं बंधन तिथे तसं नाही. तेव्हा तेच मनात असेल तर आधी तुमच्या मॅनेजमेंटशी बोला, एवढा खर्च करण्याआधी.

मुलगा आठवीत आहे म्हणालात. इथे शाळेचं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं आणि पुढच्या वर्षाच्या जागांच्या जाहिराती ऑगस्टपासून यायला लागतात, त्या हिशोबाने आयेल्ट्सची तारीख घ्या. बीएड कॉलेजचं पत्र आलं की मला दाखवा, आयट्सलला चालेल का ते बघून सांगते.