ओपन बार, नव्वद माणसं आणि निळा बर्फ

प्रश्न : ताई, धाकट्या भावाचं लग्न वैशाखात आहे. लग्न गावी देवगडला, त्याचं सगळं ठरलंय. रिसेप्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेंगुर्ल्याकडच्या एका रिसॉर्टवर, 300 माणसं. भावाचे मुंबईचे मित्र म्हणतात ओपन बार पाहिजेच. रिसॉर्टवाला सांगतो माणशी 1,200, अनलिमिटेड, म्हणजे 3 लाख 60 हजार! बाबांनी आकडा ऐकला आणि उठून बागेत गेले. आमचं बारचं बजेट फार तर 80 हजार. मामा म्हणतो गोव्यावरून गाडी भरून आणू, अर्ध्यात काम. काय करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आधी मामाचं बघू, कारण प्रत्येक लग्नात एक मामा हे बोलतोच. गोव्याची दारू स्वस्त आहे, खरं आहे, पण ती फक्त गोव्यात विकायची म्हणून स्वस्त आहे, महाराष्ट्राचा टॅक्स तिच्यावर भरलेला नसतो. बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा चेकनाका आहे आणि लग्नसराईत ते काय डोळे मिटून बसत नाहीत. पकडले की केस होते, गाडीपण जप्त होते. नवरदेवाचा मामा रिसेप्शनच्या दिवशी जामिनाच्या धावपळीत, हे फोटो अल्बमला बरं दिसणार नाही.

आता रिसॉर्ट. पहिला प्रश्न रेटचा नाहीच, पहिला प्रश्न हा की त्यांच्याकडे बारचं लायसन आहे की नाही. असेल तर माल बहुतेक त्यांचाच घ्यावा लागेल, मग घासाघीस माणशी रेटवर नको, माणसांच्या आकड्यावर करा. नसेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एक दिवसाचा परवाना तुम्हाला काढावा लागेल, आणि माल लायसनवाल्या दुकानातूनच, बिलासकट. फी ऑफिसात विचारून बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही. आणि तारीख ड्राय डेला येत नाही ना, आसपास मतदान नाही ना, तेही तिथेच विचारा, कारण मतदान संपायच्या आधीचे 48 तास दुकान बंद म्हणजे बंद.

हा आता मेन मुद्दा. 300 माणसं म्हणजे 300 पिणारी नाहीत हो! मी कुडाळला बरीच वर्षं केटरिंग केलंय, एवढं सांगते, आपल्याकडच्या रिसेप्शनला निम्म्या बायका, त्यातल्या एक-दोन वाइन घेतील, बाकी सोलकढी नाहीतर कोकम सरबत, मग पोरंटोरं, मग माळकरी काका, मग ज्यांची हळदीच्या रात्रीच पुरेपूर झालीय आणि आता नुसतं लिंबूपाणी मागतात ते. (हळदीचं बजेट कोण लिहीतच नाही, खरी गळती तिथे असते, पण तो वेगळा विषय.) घरच्या चारजणांना घेऊन बसा, यादीवर पेन्सिलीने टिक करा. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे 90 टिका येतील.

वैशाखात समुद्राकाठी घाम काढणारी हवा असते, त्यामुळे बिअर जास्त जाणार. 40 जण बिअरवाले, माणशी 650 मिलीच्या दोन बाटल्या, झाल्या 80. पेटीत 12 येतात म्हणून 7 पेट्या, 84. व्हिस्की-रमवाले 45, माणशी 60 मिलीचे तीन पेग, 135 पेग. 750 च्या बाटलीत साडेबारा पेग बसतात, म्हणजे 11 बाटल्या, आणि एक सांडायला-मोजायला, 12. आठ व्हिस्की चार रम, असं ठेवा. राहिले पाच जण वाइनवाले, त्यांना दोन बाटल्या पुष्कळ, एका बाटलीत पाच ग्लास होतात.

पैशात बघायचं तर 2025 च्या जूनमध्ये सरकारने भारतात बनणाऱ्या विदेशी दारूची, म्हणजे आपल्या व्हिस्की-रमची, ड्युटी वाढवली, 180 मिलीची कमीत कमी किंमतच 205 रुपये झाली, त्यामुळे जुने दर डोक्यातून काढा. व्हिस्की-रम सरासरी 1,400 धरा, 12 चे 16,800. बिअर 220 धरली तर 84 च्या 18,480. वाइनचे 1,800. बेरीज 37 हजार. दुकानात विचारून माझे दर खोडा आणि तुमचे लिहा. बाकी 43 हजारांत परवाना, बर्फ, सोडा, ग्लास, दोन बारवाले आणि चखणा. जमतं, फक्त हातात मोजमाप हवं. शेंगदाणे जास्त ठेवा आणि तळलेले बोंबील कमी, बोंबलाला पीत नसलेलेच पहिले गर्दी करतात.

रिसॉर्टचाच बार घेतलात तर त्यांना सांगा 90 लोकांचंच पॅकेज, त्यांच्या हाताला ओळखीची पट्टी बांधा, किंवा जेवढ्या बाटल्या फुटतील तेवढ्याचं बिल, सील मोजून, तुमचा एक माणूस काउंटरला उभा. बिलात दारूवर जीएसटी नसतो, बारचा व्हॅट असतो, 2023 च्या नोव्हेंबरात तो 5 चा 10 टक्के झालाय, म्हणून 1,200 मध्ये तो धरलाय की वर, हे लिहून घ्या. तोंडी काय ऐकू नका.

बर्फावर जरा बोलू देत, कारण याच्यावरच सगळे फसतात. एका रिसेप्शनला नऊ वाजता बाटल्या भरपूर आणि बर्फ संपलेला, सगळा मांडव ‘बरफ खंय आसा?’ करत फिरत होता, मी स्वतः स्कूटरवर गेले. दीडशे किलो सांगून ठेवा. त्यातला बाटल्या गार करायचा बर्फ मच्छीवाल्याच्या कारखान्यातला चालतो, ग्लासात मात्र अजिबात नाही! महाराष्ट्रात 2018 पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, तो त्यासाठीच. ग्लासात खायचे क्यूब, वेगळ्या डब्यात, आणि दोन डबे शेजारी ठेवूच नका.

वेळ साडेसात ते साडेनऊ ठेवा, जेवण लागलं की काउंटर बंद. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतोच, मग गाणं गेल्यावर बार चालू ठेवलात तर तो नुसता वाद होतो. मित्रांचं वयही बघा, आपल्या राज्यात बिअर-वाइनला 21 आणि व्हिस्की-रमला 25 पूर्ण लागतं, 23 चा मुलगा उगाच बारवाल्याशी भांडतो. आणि दोन गाड्या ड्रायव्हरसकट ठरवा. रात्रीचा कोकणातला रस्ता, वळणं, मध्येच गुरं, त्यात हा प्यायलेला. बजेटात 5 हजार गाड्यांचे वेगळे काढा, तिथे घासाघीस नको. बाबांना 80 हजारांचा कागद दाखवा, बागेतून परत येतील.

प्रश्न : ताई, सीलबंद उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं? दुकानदार परत घेईल का?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर : घेतो, पण आधी ठरलं असेल तर, आणि बिल जपून ठेवलं असेल तर. घेताना विचारायचं, लग्नानंतर नाही. बिअर मात्र एकदा बर्फात बुडाली की लेबल सुटतं, ती कोण घेत नाही, म्हणून बिअर पेटी पेटीने फोडा. सुरुवातीला चार पेट्या बर्फात, बाकी गोडाऊनमध्ये सावलीत, लागेल तशी बाहेर.