डोकं आधी, चेहरा मागाहून

प्रश्न : मातीत व्यक्तिशिल्प करताना डोळे, नाक, ओठ सुटे सुटे चांगले जमतात, पण माणूस ओळखू येत नाही. कुठे चुकतं?

उत्तर : बहुतेक वेळा कवटीत. चेहऱ्यापासून सुरुवात केली की डोक्याचा मागचा भाग उरल्यासुरल्या मातीत उरकला जातो आणि चपटा राहतो. बाजूने पाहिलं तर कपाळापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर हनुवटी ते टाळू या उंचीपेक्षा थोडंसंच कमी असतं. कान त्या अंतराच्या मध्याच्या मागे बसतो. मान खांबासारखी सरळ नसते, ती तिरकी पुढे येते. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर असते; नवशिका ती हमखास वर चढवतो आणि कपाळ आखूड होतं.

मापं हाडांवरूनच घ्या, कारण गाल आणि ओठ दर मिनिटाला बदलतात. कॅलिपरने (दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या चिमट्याने) चार मापं पुरतात : हनुवटी ते टाळू, गालाच्या हाडांमधली रुंदी, कानाच्या भोकापासून नाकाच्या मुळापर्यंत आणि कानाच्या भोकापासूनच हनुवटीपर्यंत. मातीत कानाच्या भोकांच्या जागी काड्या खोचून ठेवा, म्हणजे काम वाढलं तरी मूळ जागा हरवत नाही.

मग नाकडोळे विसरून फक्त बाह्यरेषा पाहा. समोर बसलेलं मॉडेल आणि मातीकामाचा स्टँड दोन्ही 15-15 अंशांनी फिरवत प्रत्येक कोनातली रेषा जुळवा. वरूनही पाहा. ओठ दातांच्या कमानीवरून वळलेले असतात, ते सपाट चिकटवलेले असतील तर वरून लगेच कळतं. साम्य खरं तर याच टप्प्यात येतं.

डोळा कोरू नका, बांधा. खऱ्या माणसाचा नेत्रगोल सुमारे 24 मिमी व्यासाचा असतो. खऱ्या मापाच्या डोक्यात तेवढी गोळी खोबणीत बसवून वर पापण्यांच्या पट्ट्या घाला. बाजूने वरची पापणी खालचीपेक्षा पुढे दिसते, आणि बाहेरच्या कोपऱ्यात ती खालचीवर चढते. बुबुळासाठी खड्डा करताना वरच्या कडेला मातीचा बारीक कण सोडा. तो उजेड पकडतो आणि नजर जिवंत होते. फ्रेंच शिल्पकार उदाँ (1741–1828) संगमरवरात हेच करत असे.

प्रश्न : रात्रीतून डोकं खाली घसरतं. माती सैल आहे का?

उत्तर : माती नव्हे, तिला आतून धरणारा सांगाडा अपुरा आहे. जाड प्लायवूडच्या फळीवर पाइप घट्ट बसवा. त्याच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या जाड तारेची दोन वेटोळी एकमेकांना काटकोनात बांधा आणि लाकडी कांड्यांच्या फुल्या तारेने आत लोंबकळत सोडा. माती त्यांच्यावर अडकून राहते. सांगाडा पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर आत हवा, नाहीतर नेमकी नाकाशीच तार बाहेर येते.

प्रश्न : उभी आकृती पडेल असं वाटत राहतं.

उत्तर : गळ्याच्या खळग्यापासून ओळंबा सोडा. भार एकाच पायावर असेल तर तो त्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ आला पाहिजे. भाराच्या बाजूचा कटिभाग वर, खांदा खाली. हे सांगाड्याची तार वाकवतानाच ठरवा. माती चढल्यावर पाय हलवायचा म्हणजे अर्धं काम मोडायचं.

प्रश्न : भट्टीत शिल्प फुटलं. हवेचे बुडबुडे राहिले म्हणून, असं सांगतात. खरं का?

उत्तर : हा समज फार चिवट आहे. फोडतं ते पाणी : जाड मातीच्या पोटातला ओलावा 100 अंशांपुढे वाफ होतो आणि वाट मिळाली नाही की तुकडे उडतात. माती अर्धवट वाळून आकार धरू लागली की टाळूची टोपी तारेने कापा, सांगाडा सोडवा आणि आतून कोरून जाडी सगळीकडे दीड-दोन सेंटिमीटर ठेवा. कडा खरवडून, पातळ चिखल लावून टोपी परत बसवा. मानेचं तोंड उघडं राहू द्या. कान आणि नाक लवकर वाळून तडकतात, म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक जास्त दिवस ठेवा. भट्टी 80–90 अंशांवर काही तास रोखून धरा. झरोक्यापाशी थंड आरसा नेल्यावर तो धुरकटत असेल तर पाणी अजून आत आहे. आकुंचनही धरून चला : माती एकूण 10 टक्के आटत असेल, तर 23 सेंटिमीटरच्या डोक्यासाठी ओलं काम साधारण 25.5 सेंटिमीटरचं करावं लागेल.