एक लाख तीस हजारांचा फोन आणि पाच हजारांचा हप्ता

गेल्या अंकात घरखर्चाविषयी लिहिताना महागड्या मोबाइलचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर बडोद्यातील वाचकांची अनेक पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न मुळाशी जाणारा असल्याने त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांनी 2013 साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस 4 हा त्या वेळचा उत्तम समजला जाणारा फोन 41,500 रुपये रोख मोजून घेतला होता आणि त्यावरून घरात आठवडाभर बोलणे झाले होते. आता नातवाने त्याच कंपनीच्या 1,29,999 रुपयांच्या अल्ट्रावर बोट ठेवले आहे. अलकापुरीतील दुकानदाराने किमतीचा आकडा उच्चारलासुद्धा नाही. ‘बेन, महिन्याला फक्त 5,417’ एवढेच तो सांगत राहिला. आमच्या पिढीत याला ऋण काढून सण करणे म्हणत. हप्त्यांची सोय झाली म्हणून किमती वाढल्या, की किमती वाढल्या म्हणून हप्त्यांची सोय करावी लागली?
— एक सेवानिवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, परंतु त्या सारख्या वजनाच्या नाहीत. त्याआधी तुलना नीट लावून घेतली पाहिजे. एप्रिल 2013 मध्ये एस 4 हा त्या मालिकेतील एकुलता एक मुख्य फोन होता. जानेवारी 2024 मध्ये एस 24 आला तो तीन भावंडे घेऊन, आणि त्यांतील थोरला अल्ट्रा 1,29,999 रुपयांना होता. पुढच्या वर्षीचा एस 25 अल्ट्राही त्याच किमतीला आला. एस 4 चा खरा वारस म्हणजे धाकटा साधा एस 24 असून त्याची 256 जीबी साठवणीची आवृत्ती 79,999 रुपयांना होती. या अकरा वर्षांत देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाईचे माप, सुमारे पावणेदोन पट झाला. आपल्या यजमानांनी मोजलेल्या 41,500 रुपयांना पावणेदोनने गुणले तर 72,600 च्या आसपास रक्कम येते. याच काळात डॉलर सुमारे 54 रुपयांवरून 83 रुपयांवर गेला. जुलै 2017 मध्ये मोबाइलवर 12 टक्के जीएसटी लागू झाला आणि 1 एप्रिल 2020 पासून तो 18 टक्के झाला. केवळ या सहा टक्क्यांच्या फरकाने 79,999 रुपयांच्या फोनवर सुमारे चार हजार रुपये चढतात. एवढे लक्षात घेतले की धाकट्या भावंडाच्या किमतीत हप्त्यांकडे बोट दाखवावे असे फारसे काही उरत नाही.

मग नातवाने पसंत केलेल्या अल्ट्राचे काय? माझ्या मते हप्त्यांचा परिणाम शोधायचा तो येथे. जुन्या घराचे भाडे महागाईच्या चालीने वाढत राहिले आणि त्याच घरावर एक नवा मजला चढला, तसे हे झाले आहे. लाखाच्या पुढचा हा मजला पूर्वी नव्हता, कारण पगारावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम फोनसाठी एका दिवसात बाजूला निघत नसे.

याचे गणित साधे आहे. एखादे कुटुंब दरमहा 5,000 रुपये फोनसाठी काढू शकते असे धरू आणि व्याज क्षणभर बाजूला ठेवू. सहा महिन्यांच्या हप्त्यांत त्याला 30,000 रुपयांचा फोन घेता येईल, बारा महिन्यांत 60,000 रुपयांचा आणि चोवीस महिन्यांत 1,20,000 रुपयांचा. कुटुंबाचे उत्पन्न तेच, हप्ताही तोच. केवळ मुदत वाढवल्याने विकणाऱ्याला मागता येणारी किंमत चौपट झाली. आता कंपनीच्या बाजूने पाहा. फोनची किंमत 10,000 रुपयांनी वाढवली तर रोख घेणाऱ्याला जास्तीचे दहा हजार त्याच दिवशी उभे करावे लागतात आणि तो तेथेच थबकतो. चोवीस हप्त्यांत घेणाऱ्याला हीच वाढ महिन्याला 417 रुपयांची दिसते. घरखर्चाच्या वहीत ती दूध आणि वीजबिलाच्या ओळींमध्ये जाऊन बसते आणि पूर्ण किमतीचा आकडा वहीत कोठेच लिहिला जात नाही. आपल्या दुकानदाराने किंमत उच्चारली नाही, ती विसरल्यामुळे नव्हे.

अमेरिकेत हा प्रकार आपल्याआधी घडला. तेथे 2013 पर्यंत दूरसंचार कंपन्या दोन वर्षांच्या करारावर 649 डॉलरचा आयफोन 199 डॉलरला देत आणि उरलेली रक्कम मासिक बिलातून वसूल करीत. त्या वर्षी टी-मोबाइलने हे करार बंद करून फोनचे हप्ते बिलात वेगळे दाखवण्यास सुरुवात केली. एटी अँड टी आणि व्हेरायझन त्याच वाटेने गेल्या. 2017 मध्ये ॲपलने आयफोन एक्स 999 डॉलरला आणला आणि 2022 पर्यंत एटी अँड टी आणि व्हेरायझन यांनी हप्त्यांची मुदत 36 महिन्यांवर नेली. आता भागाकार करून पाहा : 649 डॉलरचे 24 हप्ते केले तर महिन्याला 27 डॉलर येतात, आणि 999 डॉलरचे 36 हप्ते केले तर पावणेअठ्ठावीस. किंमत दीडपटीहून अधिक, आणि हप्ता जवळपास जागच्या जागी.

तरीही सगळा दोष हप्त्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही, कारण या कथेला एक दुसरी बाजू आहे. आयफोन एक्स आणि पुढे त्याच्या जागी आलेले प्रो आयफोन यांची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत 2017 पासून 2024 पर्यंत 999 डॉलरच राहिली. मुदत वाढली म्हणून ती लगेच चढली नाही. भारतात मात्र त्याच रांगेतील फोन 2017 च्या 89,000 रुपयांवरून 2023 मध्ये 1,34,900 रुपयांवर पोचला. ही वाढ रुपयाची घसरण, जीएसटी आणि 2018 च्या अर्थसंकल्पाने 20 टक्क्यांवर नेलेले आयात शुल्क यांनी घडवली. हे शुल्क जुलै 2024 मध्ये 15 टक्के झाले. म्हणून मी असे म्हणेन की किमतीला वर ढकलणारी कारणे वेगळी आहेत. हप्त्याने एवढेच केले की वर जाणाऱ्या किमतीला गिऱ्हाइकाची जी ठेच लागायची ती लागेनाशी झाली.

आता नातवाविषयी. सॅमसंगने एस 24 मालिकेला सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याचे वचन दिले आहे. फोन खरोखर पाच वर्षे वापरला तर 1,29,999 रुपयांचा खर्च महिन्याला सुमारे 2,167 रुपये पडतो आणि त्यांतील शेवटची तीन वर्षे हप्त्याविना जातात. परंतु चोविसावा हप्ता संपताच ‘जुना द्या, नवा घ्या’ असा निरोप येतो आणि हप्त्याची रिकामी झालेली जागा महिन्याच्या हिशेबात कोणाला खुपत नाही. नातवाला किंमत विचारू नका. हा फोन किती वर्षे वापरणार, ते विचारा.

ऋण काढून सण करण्याबद्दल आपण लिहिलेत. कर्ज हे आपल्या बडोद्याला नवे नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 साली याच शहरात अन्योन्य सहकारी मंडळी काढली आणि ती देशातील पहिल्या सहकारी पतसंस्थांमध्ये गणली जाते. तेथे कर्ज घेणारा आणि देणारा दोघेही सभासद असत आणि व्याज दोघांच्या नजरेसमोर असे. आजच्या हप्त्यात ते नजरेआड झाले आहे, आणि पुढचे पत्र नेमके त्याविषयीच आहे.

प्रश्न : मी मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो. 60,000 रुपयांचा फोन ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर सहा हप्त्यांत, म्हणजे दरमहा 10,000 रुपयांत मिळत आहे. व्याज शून्य असेल तर बँकेला यात काय मिळते?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : बँकेला व्याज मिळतेच, ते आपल्या नावाने दिसत नाही इतकेच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नसते आणि क्रेडिट कार्डांवरील अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आडून घेतले जाते. तेव्हापासून योजनेची मांडणी बदलली. समजा बँकेचा दर वर्षाला 15 टक्के आहे. सहा हप्त्यांत 60,000 रुपये परत येणार असतील तर त्या दराने बँक आज 57,460 रुपये देते. उरलेले 2,540 रुपये फोनची कंपनी किंवा दुकानदार सवलत म्हणून सोडतो, आणि नेमकी तेवढीच रक्कम व्याज म्हणून बँकेकडे जाते.

आपल्या खिशातून यावर काय जाते? क्रेडिट कार्डावरील व्याजाला 18 टक्के जीएसटी लागतो, तो 457 रुपये. प्रक्रिया शुल्क 199 रुपये धरले तर त्यावरील जीएसटीसह 235 रुपये. एकूण सुमारे 690 रुपये, म्हणजे फार नव्हेत. खरा प्रश्न असा की हे 2,540 रुपये सोडण्याची विक्रेत्याची तयारी आधीपासूनच होती. ते रोख गिऱ्हाइकाला मिळाले का? बहुधा मिळत नाहीत. म्हणजे हप्त्यांचा खर्च गृहीत धरून ठरवलेली किंमत रोख देणाराही मोजतो. हप्त्यांचा किमतीवर होणारा हा दुसरा परिणाम आहे आणि पहिल्यापेक्षा तो कमी दिसतो.

म्हणून दुकानात आधी रोखीचा भाव विचारावा. समजा दुकानदार रोखीत 3,000 रुपये कमी करण्यास तयार झाला, तर फोनचा खरा भाव 57,000 रुपये ठरतो. म्हणजे हप्त्यांत घेतल्यास आपले कर्ज 57,000 रुपयांचे आणि परतफेड सर्व खर्च धरून 60,692 रुपयांची होते. सहा महिन्यांत फिटणाऱ्या कर्जावर याचा दर ढोबळमानाने वर्षाला 22 टक्के पडतो. रोखीत एक रुपयाही कमी होत नसेल, तर मात्र हप्ते घ्यावेत आणि आपले पैसे बचत खात्यात राहू द्यावेत. तेथे माझी काहीच हरकत नाही.

प्रश्न : मी मोबाइलचे दुकान चालवतो. तुम्ही हप्त्यांच्या विरोधात लिहिता, पण फायनान्सचा मुलगा काउंटरवर बसला नाही तर दिवाळीत महागडे फोन तसेच पडून राहतील. पूर्वी गिऱ्हाईक भाव विचारायचे. आता ‘डाउन पेमेंट किती, हप्ता किती’ एवढेच विचारतात. यात आमचा काय दोष?
— एक व्यावसायिक, रावपुरा

उत्तर : दोष आपला नाही, आणि पहिल्या उत्तरात मी चार परिच्छेद खर्चून जे सांगितले ते आपण दोन वाक्यांत सांगितले आहे, याबद्दल आभार. एकच विनंती आहे. ‘12/4’ सारख्या योजनेत चार हप्ते काउंटरवरच घेतले जातात आणि उरलेले आठ पुढे भरायचे असतात, म्हणजे कर्ज प्रत्यक्षात आठच महिन्यांचे असते. गिऱ्हाईक बारा महिने समजून घरी जाते. हे त्याला स्वच्छ सांगितले तर विक्री घटेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : मुलाने मला न सांगता 1,20,000 रुपयांच्या फोनसाठी 24 हप्त्यांचे साधे, व्याजाचे कर्ज 16 टक्क्यांनी घेतले आहे. त्याला एकूण किती भरावे लागेल आणि कर्जाचा कागद कोणता मागावा?
— एक आई, सयाजीगंज

उत्तर : हप्ता सुमारे 5,876 रुपये येईल आणि चोवीस महिन्यांत एकूण सुमारे 1,41,000 रुपये जातील, म्हणजे 21,000 व्याजाचे. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक आणि वित्त कंपनी या दोघींनाही अशा कर्जाचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्के मिळवून वर्षाचा खरा दर छापलेला असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असा नियम आहे, तेव्हा इंग्रजी कागदावर समाधान मानण्याचे कारण नाही. मोबाइलवरील ॲपमधून कर्ज घेतले असेल तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंडाशिवाय त्यातून बाहेर पडता येते. ही मुदत त्याच कागदावर असते, म्हणून तो आजच पाहावा. मुलाने कर्ज न घेता क्रेडिट कार्डाच्या रकमेचे हप्ते करून घेतले असतील तर त्याला या कागदाचा नियम लागू नाही. तेथे पहिले बिल आल्यावर त्यातील व्याजाची आणि जीएसटीची ओळ वेगळी काढून पाहावी.