दम्याच्या अभ्यासात मुलाला घालावं का?
मुलगा ८ वर्षांचा, दमा आहे, आणि डॉक्टरांनी एका औषधाच्या अभ्यासात घेऊ का असं विचारलंय. घाबरून लगेच नाही म्हणू नका, पण त्याच दिवशी सहीही करू नका. संमतीपत्र घरी आणून दोघांनी शांतपणे वाचा. मुख्य प्रश्न असा: त्याचा रोजचा पंप चालू राहणार की बंद होणार? आणि रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कोणाला करायचा?

अशा अभ्यासांत आलेल्या मुलांमुळेच आपल्याला दम्याच्या औषधांबद्दल बरंच कळलंय. १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडातली ५ ते १२ वर्षांची १,०४१ मुलं एका अभ्यासात होती. ती मोठी झाल्यावरही त्यांची उंची मोजली, तेव्हा बुडेसोनाइडचा (दम्यावरच्या स्टेरॉइड औषधाचा) पंप घेतलेली मुलं हे औषध नसलेला नुसता दिखाऊ पंप घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. ‘पंपाने पोर खुजं राहतं’ या धास्तीला एवढंच माप आहे, आणि ते त्या पोरांनी वर्षानुवर्षं तपासण्यांना येऊन दिलंय.

भारतात अशा अभ्यासाला एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांची सुरक्षितता आणि हक्क पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. तेव्हा त्यालाही समोर बसवून विचारा. नको वाटलं तर मध्येच बाहेर पडता येतं. त्यावरून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.