घर नाही, पण थडगं दगडाचं

प्रश्न : टीव्हीवर अरबस्तानच्या वाळवंटातली हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी दाखवली. जी माणसं जनावरं घेऊन कायम फिरतीवर, त्यांनी मेलेल्यांसाठी एवढे दगड कशाला रचले? आणि मेल्यावर पुढं काय होतं असं त्यांना वाटायचं?
– एक भगिनी, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, लई भारी विचारलात. तुम्ही बघितलं ते बहुतेक खैबर नाहीतर अल-उलाकडचं असणार, म्हणजे सौदीच्या वायव्येचं. तिथली बरीच थडगी साधारण ४५०० वर्षांपूर्वीची आहेत, एका टोकाला दगडांचा गोल ढीग आणि त्याला लागून मागं लांब शेपटी, आणि ती कुठंपण टाकलेली नाहीत बरं का, वाटेच्या दोन्ही अंगाला रांगेनं आहेत आणि पाणी जवळ आलं की गर्दी वाढत जाते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया युनिव्हर्सिटीच्या टीमनं २०२२ साली हे सगळं मांडलं. आता मला विचाराल तर उत्तर तिथंच आहे. फिरत्या माणसाला कुठला सातबारा? ‘ह्या पाण्यावर आमचे वाडवडील झोपलेत’ हे दगडानंच सांगायचं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड. आपल्याकडं करवीर तालुक्यात बीडला वीरगळ आहेत बघा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, वीरगळीवर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला, म्हणजे श्रद्धा काय होती ते सरळ वाचताच येतं. खैबरच्या त्या ढिगांवर असलं काही कोरलेलं नाही, म्हणून ‘त्यांचा स्वर्ग असा होता’ म्हणून कोण ठोकून सांगायला लागलं तर जरा लांबच राहा.

बाकी वाळवंटातल्या श्रद्धा कुणीतरी लिहून ठेवल्यात त्यावरनं थोडं कळतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिबियातल्या नासामोन टोळीबद्दल सांगतो की ते पूर्वजांच्या थडग्यावर जाऊन प्रार्थना करायचे, तिथंच झोपायचे आणि स्वप्नात जे दिसेल तो कौल. म्हणजे मेलेला माणूस गेला असं नाहीच, अडीअडचणीला सल्ला द्यायला तो हाय की तिथं. शपथ घ्यायची तर तीपण चांगल्या माणसाच्या थडग्यावर हात ठेवून.

इस्लामच्या आधीच्या अरबांची एक चाल तर अंगावर काटा आणते. मालक मेला की त्याची उंटीण थडग्यापाशी बांधायची, चारा नाही पाणी नाही, मरेपर्यंत तशीच. तिला ‘बलिय्या’ म्हणत. समजूत अशी की पुन्हा उठायच्या दिवशी मालक तिच्यावर बसून जाणार, आणि ज्याची अशी सोय केली नाही त्यानं पायी चालायचं. ह्या गोष्टी नंतरच्या अरबी लेखकांनी नोंदवल्यात, पण उंटीण बांधणारी ती माणसं खैबरच्या त्या थडग्यांनंतर कितीतरी शतकांनी झालेली, तेव्हा हा उंट तिकडं नेऊन बांधू नका.