आयकर भरणारेच मूठभर, मग वरच्या 1 टक्क्याचं उत्पन्न कसं काढतात?

देशाच्या एकूण उत्पन्नातला 22.6 टक्के वाटा वरच्या 1 टक्क्याकडे जातो, असा अंदाज आहे. भरणारे मूठभर असले तरी इथे फारसं अडत नाही, कारण मोजायचेत तेही मूठभरच.

देशाचं एकूण उत्पन्न आयकर खात्याकडून घेतच नाहीत. ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरकारी हिशेबातून येतं. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांच्या 2024 च्या अभ्यासात 2022-23 साठी प्रौढ सुमारे 92 कोटी धरलेत, म्हणजे वरचा 1 टक्का 92 लाख माणसांचा. त्यांचं सरासरी उत्पन्न वर्षाला 53 लाख रुपये, सगळ्या प्रौढांचं 2.35 लाख. भागून बघा, 22.6 च्या आसपास पट येते; माणसं 1 टक्का, म्हणून वाटा तेवढेच टक्के.

आता ते 53 लाख कुठून आले? सीबीडीटी, म्हणजे आयकराचा कारभार बघणारं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, कुणाचं नाव देत नाही, फक्त टप्पे देते: अमुक ते अमुक रुपयांत विवरणपत्रं किती, एकूण उत्पन्न किती. टप्प्याच्या आतलं चित्र पॅरेटो या अर्थतज्ज्ञाच्या नियमाने भरतात: मर्यादा ठरावीक पटीने वाढवली की तिच्या वरची माणसं दरवेळी ठरावीक पटीने घटतात. समजा (आकडे माझ्या मनचे) 50 लाखांवर 1 लाख माणसं आहेत आणि 1 कोटीवर 25 हजार. मर्यादा दुप्पट केली की चौथाई उरतात. मग 2 कोटींवर सव्वासहा हजार धरायचे, आणि कुठल्याही मर्यादेच्या वर असलेल्यांची सरासरी त्या मर्यादेच्या दुप्पट. चौथाईऐवजी एक तृतीयांश उरले, तर तीच सरासरी पावणेतीनपटीच्या आसपास जाते. एवढ्याशा फरकाने केवढी उडी! हल्ली हा गुणक टप्प्यागणिक बदलता ठेवतात, ते बरंच.

अडचणी वेगळ्याच आहेत. 2000 नंतर ही आकडेवारी छापणं बंद झालं, ते 2016 मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या वर्षांसाठी घरोघरच्या सर्वेक्षणांचा आधार, आणि तिथे बड्यांच्या दारातला वॉचमनच फॉर्मवाल्याला वाटेला लावतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त. ते कुणाकुणाच्या विवरणपत्रात कसं फुगतं हे कुठल्याही सीएला विचारा. शिवाय कंपनीच्या प्रवर्तकाचे (मूळ मालकाचे) शेअर दुप्पट झाले तरी विकेपर्यंत ते उत्पन्न नव्हेच. त्यामुळे माझ्या मते 22 हा आकडा कमीच आहे.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हाच वाटा 6 टक्क्यांच्या आसपास दिसतो. पण त्याआधी, 1973-74 ला, आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासकट 97.75 टक्क्यांवर गेला होता. अशा काळात विवरणपत्रात खरं किती लिहिलं जात असेल, तो हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.